सभेत मी पडले नाही, म्हणजे माझा अभिषेक झाला नाही का?

नाशिकरोडच्या एका ताईंनी हा प्रश्न विचारला आहे. त्या दवाखान्यात नर्स आहेत, बहुतेक नाइट ड्युटी असते. मैत्रिणीच्या आग्रहाखातर त्या एका उपवास-प्रार्थनेच्या सभेला गेल्या. बाहेरगावाहून आलेल्या वक्त्यांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि एकेकाच्या डोक्यावर हात ठेवला. पुढचे पडले, मागचे पडले, काहीजण अन्य भाषांत, म्हणजे आत्म्याच्या भरात न शिकलेल्या भाषांत, बोलू लागले. ताई मात्र उभ्याच राहिल्या. ‘या बहिणीत अडथळा आहे, हिच्यावर अभिषेक नाही,’ असं माइकवरून जाहीर झालं. निघताना अभिषेकाचं तेल म्हणून ३०० रुपयांची बाटली हातात पडली. घरी येऊन शंका काढली तर मैत्रीण म्हणाली, ‘अभिषिक्ताविरुद्ध बोलू नको, अंगाशी येईल.’ आता त्या विचारतात: माझ्यात काही कमी आहे का, बोलले ते चुकलं का, आणि त्या बाटलीचं काय करू?

ताई, मी निवृत्त पाळक आहे. शरणपूरपासून निफाड-सिन्नरकडच्या खेड्यांपर्यंत पस्तीस वर्षं ख्रिस्ती मंडळ्या सांभाळल्या. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तुमची झोप त्यावरच उडालेली दिसते. तुमचा बाप्तिस्मा झाला आहे आणि येशू प्रभू आहे हे तुम्ही मनापासून धरलं आहे ना? मग तुमचा अभिषेक झालेला आहे. होणार आहे असं नव्हे, झालेला आहे. हे मी तुमची समजूत काढायला म्हणत नाही. शास्त्रात ते तसंच लिहिलंय, कुठे ते सांगतो.

आधी शब्दाचा घोळ सोडवू. नाशिककराच्या कानावर ‘अभिषेक’ म्हटलं की त्र्यंबक येतं, पिंडीवर धरलेली दुधाची संततधार येते, नाहीतर शाळेत पाठ केलेला १६७४ चा रायगडावरचा राज्याभिषेक. संस्कृतात शब्दाचा अर्थच मुळी शिंपडणं, सिंचन करणं. आपल्या मिशनरी भाषांतरकारांना हा शब्द आयता मिळाला आणि त्यांनी तो उचलला. त्यात वावगं काही नाही. फक्त त्यामुळे आपल्या डोक्यात एक चित्र पक्कं बसलं, की वरून काहीतरी धो धो ओतलं जातं आणि जितकं जास्त ओतलं तितका माणूस मोठा. हिब्रू शब्द ‘माशाख’. त्याचा साधा अर्थ माखणं, तेल चोळून लावणं. ढालीच्या चामड्याला तेल लावतात तिथेही हाच शब्द. त्यावरून ‘माशियाख’, म्हणजे आपला मशीहा. ग्रीकमध्ये त्याचंच झालं ‘ख्रिस्तोस’. म्हणजे ख्रिस्त हे आडनाव नव्हे, ‘ज्याला तेल लावून नेमलं तो’ असा त्याचा अर्थ. आणि आपण ख्रिस्ती म्हणजे त्याचे. रेशनकार्डावर धर्माच्या रकान्यात जे लिहिता, त्यातच अभिषेक दडलेला आहे.

आणखी एक गंमत. आपल्याकडे तेल देवाला वाहतात. शनिवारी मारुतीच्या देवळापुढे रांग असते ती त्यासाठीच. शास्त्रात बहुतेक ठिकाणी उलटं आहे, देव माणसाला तेल लावायला सांगतो. याकोबाने बेथेलला दगडावर तेल ओतलं तो अपवाद, आणि खेड्यातले शेजारी विचारायचे तेव्हा मी त्या अपवादावरूनच बोलणं सुरू करायचो.

निर्गम ३० व्या अध्यायात त्या तेलाची कृतीच दिली आहे. गंधरस ५०० शेकेल, दालचिनी २५०, सुगंधी वेताची एक जात २५०, तज ५००, आणि जैतुनाचं तेल एक हिन. हिशेब केला तर सतरा किलोच्या आसपास सुगंधी द्रव्यं आणि तेल मात्र चार लिटरच्या आगेमागे. हे घरगुती काम नव्हे, तिथे गंध्याचं कसब लागतं असं स्पष्ट सांगितलंय. आणि पुढची अट वाचा: हे तेल सामान्य माणसाच्या अंगाला लावायचं नाही, तसलं दुसरं बनवायचं नाही, जो बनवील त्याला समाजातून काढून टाकायचं. आता बाटल्यांवर ‘मोशेच्या कृतीप्रमाणे’ असं छापलेलं मी पाहिलं आहे. खरंच त्या कृतीप्रमाणे केलं असेल तर ती आज्ञाभंगाची कबुली झाली, आणि तसं केलेलं नसेल तर ती फसवणूक.

त्या तेलाने निवासमंडप, भांडी, याजक माखले जात. पुढे राजेही. पण दाविदाची गोष्ट नीट पाहा. शमुवेल संदेष्टा तेलाचं शिंग घेऊन बेथलेहेमला इशायाच्या घरी गेला. सात मुलगे समोरून गेले, एकही नाही. आठवा मेंढरांमागे, त्याला कोणी बोलावलंही नव्हतं. तो आला, तेल लागलं, आणि त्या दिवसापासून परमेश्वराचा आत्मा त्याच्यावर आला असं लिहिलंय. मग काय झालं? सिंहासन? नाही. तेव्हाचा राजा शौल याचा निरोप येतो तेव्हा त्यात ‘मेंढरांकडे असलेला तुझा मुलगा’ असेच शब्द आहेत. म्हणजे डोक्याला तेल लागलेला पोरगा दुसऱ्या दिवशी पुन्हा रानात. पुढे कित्येक वर्षं गुहांतून पळापळ. हेब्रोनात यहूदाच्या वंशाने आणि नंतर सगळ्या इस्राएलाने त्याला अभिषेक केला तो फार पुढे. पहिल्या तेलाने त्याची नेमणूक झाली, हुद्दा नंतर आला. आपल्या सभांतून नेमकं हेच उलटं करून सांगतात. अभिषेक म्हणजे बढती!

बाहेरच्यांनाही तो लागू होतो. यशया ४५ मध्ये पारसाचा राजा कोरेश याला परमेश्वराने आपला अभिषिक्त म्हटलंय, आणि पुढेच म्हटलंय की तू मला ओळखत नव्हतास. बंदिवान यहूद्यांना घरी पाठवायचं काम त्याच्याकडून करून घ्यायचं होतं. काम ठरलं होतं, म्हणून तो शब्द.

आता नव्या करारात या. तिथे ग्रीकमध्ये दोन वेगळी क्रियापदं आहेत आणि मराठीत ती कधीकधी एकमेकांत मिसळतात. एक ‘अलैफो’: रोजचं तेल लावणं. उपास करताना डोक्याला तेल लाव, तोंड धू, असं प्रभू सांगतो तिथे हे. आजाऱ्याला मंडळीच्या वडीलधाऱ्यांनी तेल लावून प्रार्थना करावी असं याकोब ५:१४ मध्ये आहे, तिथेही हेच. दुसरं ‘ख्रियो’, ज्यावरून ख्रिस्त. हे क्रियापद सबंध नव्या करारात पाचच वेळा येतं. चार वेळा येशूबद्दल आणि एकदा, २ करिंथ १:२१ मध्ये, आपल्याबद्दल. आणि ‘अभिषेक’ हे नाम, ‘ख्रिस्मा’, तीनच वेळा, तेही एकाच अध्यायात: १ योहान २, ओवी २० आणि २७.

तो अध्याय आज रात्री ड्युटीवर जाण्याआधी वाचा. तिथे काय चाललंय? मंडळीतून काही जण फुटून निघालेत. आम्हाला वरचं ज्ञान आहे, तुम्ही मागे राहिलात, असा त्यांचा आव असावा. मागे राहिलेले साधे लोक बावरलेत, तुम्ही बावरलात तसेच. योहान त्यांना म्हणतो की अभिषेक तुम्हाला मिळालेला आहे आणि तो तुमच्यात राहतो. ‘तुम्ही’ अनेकवचनी. कोण्या खास वक्त्याला उद्देशून तो शब्द तिथे नाहीच. ज्यांना ‘तुमच्यात कमी आहे’ असं ऐकवलं गेलं, त्यांच्यासाठी तो वापरलाय. इतकी वर्षं हा अध्याय शिकवला, अजूनही तिथे आलो की मी थांबतो. त्याच अध्यायात ‘ख्रिस्तविरोधक’ हा शब्दही आहे. मूळ भाषेत ‘ख्रिस्मा’ आणि ‘अंतिख्रिस्तोस’ शेजारी शेजारी कानावर पडतात, योहानाने ते मुद्दाम केलं असावं असं मला वाटतं.

(‘तुम्हाला कोणी शिकवण्याची गरज नाही’ असंही तिथे आहे. त्यावरून एका तरुणाने बायबल क्लासला येणं बंद केलं होतं. मी त्याला म्हटलं, अरे, हे वाक्यसुद्धा योहानाने शिकवायलाच लिहिलंय ना!)

पडण्याबद्दल. मी कुणाच्या अनुभवाला हसत नाही. देवापुढे लोक पालथे पडल्याचे दाखले शास्त्रात बरेच आहेत. पण मागे कोसळल्याचा जो प्रसंग मला ठळक आठवतो तो योहान १८ मधला, आणि तिथे पडले ते येशूला धरायला आलेले शिपाई. अन्य भाषांचं दान खरं आहे. पण ‘सगळेच अन्य भाषा बोलतात काय?’ असं पौलाने करिंथकरांना विचारलं तेव्हा त्याला ‘नाही’ हेच उत्तर हवं होतं.

हे वारं परदेशातून आलं असंही कुणी म्हणू नये. १९०५ मध्ये, अमेरिकेतल्या अझुसा स्ट्रीटवरच्या गाजलेल्या सभांच्या आधी, आपल्या केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये मोठं संजीवन, म्हणजे आध्यात्मिक जागृती, झालं. दुष्काळातून आणलेल्या मुली, बालविधवा रडत होत्या, पापं कबूल करत होत्या, काही अन्य भाषांतही बोलल्या. रमाबाईंनी ते दाबलं नाही. पण जिला अन्य भाषा नाहीत तिला आत्मा नाही, असा नियमही तिथे केला नाही. मला त्यापुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. त्याच मुक्तीत बायकांनी छपाईचे खिळे जुळवले, छापखाना चालवला आणि रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेलं मराठी बायबल छापलं. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या, पूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं. अश्रू वाळल्यावर बोटांना शाई लागली. कुठल्याही सभेबद्दल मी आता एवढंच विचारतो: सोमवारी काय झालं?

प्रभूच्या बाबतीतही हाच क्रम आहे. नासरेथच्या सभास्थानात यशयाचा ग्रंथ हाती आला. ‘प्रभूचा आत्मा माझ्यावर आहे, कारण त्याने मला अभिषेक केला आहे’ याच्या लगेच पुढे कशासाठी ते येतं: गरिबांना सुवार्ता, बंदिवानांना सुटका, आंधळ्यांना दृष्टी. वाक्य तिथे तोडता येत नाही. आपल्या शरणपूरच्या मातीत हे घडलेलं आहे. एकोणिसाव्या शतकात अरबी समुद्रात गुलामांची जहाजं पकडली जात. त्यांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना सी.एम.एस. (चर्च मिशनरी सोसायटी) या मिशनने इथे आणलं. विल्यम साल्टर प्राइस यांच्या देखरेखीखाली ती शिकली, सुतारकी-लोहारकी शिकली. त्यातलाच जेकब वेनराइट. १८७३ मध्ये मिशनरी-संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या अंतर्भागात वारले तेव्हा झाडाखाली त्यांचं हृदय पुरताना अंत्यविधी वाचला तो या नाशिकच्या विद्यार्थ्याने. पुढे ते शव किनाऱ्यापर्यंत आणण्यात आणि लंडनला पोचवण्यात तो होता. १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटी धरणाऱ्यांत तो एकच आफ्रिकी होता. शरणपूर रोडला आज गाड्यांच्या गर्दीत सिग्नलला थांबलो की मला कधीकधी त्या पोरांची आठवण येते. ‘बंदिवानांना सुटका’ हे त्यांनी वाचलं असेल तेव्हा काय वाटलं असेल?

आता तेलाबद्दल, माझ्या चुकीसकट. आमच्या जुन्या अँग्लिकन वळणाच्या मंडळ्यांत आजाऱ्याला तेल लावायची रीत नव्हती. इंग्लंडच्या प्रार्थनापुस्तकात १५४९ साली ती होती, १५५२ च्या आवृत्तीत काढली. तीनशे वर्षांनी मिशनरी आले ते तेल मागे ठेवूनच. मला नवा असताना कुणी तेल मागितलं तर मी म्हणायचो, ते कॅथलिकांचं, आपण नुसती प्रार्थना करतो. मग एक वडीलधारे कॅटेकिस्ट (धर्मशिक्षक) मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘साहेब, याकोबाचं पत्र आपल्या बायबलातून फाडलंय का?’ मी ओशाळलो. मेडिकलमधून बाळांच्या मालिशीसाठी मिळतं ते ऑलिव्ह तेल आणलं आणि खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरून पिशवीत ठेवलं.

पुढे मी दुसऱ्या टोकाला गेलो. लोक मागतात म्हणून छोट्या बाटल्या भरून घरोघर देऊ लागलो, फुकट. एका घरी लेकराला फिट्स येत. आईने गोळ्या बंद केल्या आणि रोज तेल लावू लागली. लेकरू वाचलं, पण एक रात्र दवाखान्याच्या व्हरांड्यात मी त्या बाईच्या शेजारी बसून काढली आणि तिने मला एकही शब्द विचारला नाही. त्यानंतर बाटली कुणाच्या घरी ठेवली नाही. तेल माझ्या पिशवीत. मी जाणार, मंडळीतला आणखी एखादा वडील माणूस बरोबर, प्रार्थना करणार, आणि निघताना गोळ्यांची पट्टी बघणार. तुम्ही नर्स आहात, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. याकोबाने सांगितलेल्या त्या तेलाची भिस्त पाठोपाठच्या प्रार्थनेवर आणि खाटेजवळ आलेल्या माणसांवर आहे, बाटलीवर नाही.

एक प्रसंग सांगतो. नोटा छापणाऱ्या नोट प्रेसमधून निवृत्त झालेले एक काका, अर्धांग होऊन वर्षभर अंथरुणाला. मी कपाळाला तेल लावलं, प्रार्थना संपवली. त्यांची जीभ जड झाली होती. डावा हात जरासा उचलून त्यांनी दाखवला. मला कळेना. काकू म्हणाल्या, ‘हाताला पण लावा म्हणतात. जन्मभर शाईत होते ते हात.’ मी दोन्ही तळव्यांना तेल लावलं, बोटांच्या पेरांना, नखांच्या कडांना. काका डोळे मिटून पडले होते. नंतर एका कॅथलिक फादरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, आम्ही कपाळ आणि हात दोन्हींना लावतो, विधीतच आहे. ते लोक या बाबतीत शिस्तीचे. पवित्र आठवड्यात बिशप तीन तेलं आशीर्वादित करतात: दीक्षार्थींचं, आजाऱ्यांचं, आणि बाल्सम मिसळलेलं ख्रिस्मा, जे बाप्तिस्मा, दृढीकरण आणि याजकदीक्षेला वापरतात. आपण तेल वापरा अथवा नका वापरू, त्या तिसऱ्या तेलाचा अर्थ आपल्यालाही लागू आहे. पाळकाला जो अभिषेक, तोच बाप्तिस्मा घेतलेल्या लेकराला.

स्तोत्र २३ तुम्हाला पाठ असेल. ‘तू माझ्या मस्तकाला तेलाचा अभ्यंग करतोस.’ मराठीत तिथे अभिषेक नाही, अभ्यंग आहे, आणि ते फार छान झालंय. मूळ हिब्रूतही तिथे ‘माशाख’ नाहीच. पाहुणा दमून घरी आला की यजमान त्याच्या डोक्याला तेल लावतो, ते हे. दिवाळीत पहाटे आजीने डोक्यावर तेल थापलं की जे वाटायचं, तेच. सगळंच तेल नेमणुकीचं नसतं, काही नुसतं मायेचंही असतं.

आणि बेथानीची ती बाई आठवा. तिने येशूच्या मस्तकावर जटामांसीचं तेल ओतलं. ३०० दिनारांहून जास्त किमतीचं, म्हणजे मजुराची जवळपास वर्षाची कमाई. ही जटामांसी हिमालयात होते, आपल्या काष्ठौषधीच्या दुकानांत आजही तिच्या मुळ्या मिळतात. कधी विकत घेऊन वास घ्या, मातकट, उग्र, सगळ्यांना आवडेलच असा नाही. ज्याच्या नावातच अभिषेक, त्याला माणसाच्या हातून मस्तकावर तेल मिळालं ते एका बाईच्या, आणि ‘हे माझ्या पुरण्यासाठी’ असं तो म्हणाला. व्यासपीठावरचे लोक अभिषेकाची ही बाजू फारशी काढत नाहीत.

मैत्रिणीच्या धमकीबद्दल. ‘माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका’ हे स्तोत्र १०५ मध्ये आहे. ते अब्राहाम, इसहाक, याकोब या बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणाऱ्यांबद्दल आहे, आणि तंबी दिली आहे राजांना. म्हणजे दुबळ्याला बळवंतापासून वाचवणारं ते वचन. ते माइकवाल्याने रांगेतल्या बाईवर उगारायचं नसतं. दाविदाने शौलाला मारलं नाही हे खरं, पण गुहेबाहेर उभं राहून, झग्याचा कापलेला तुकडा हातात धरून, त्याला चार लोकांदेखत जाब विचारला. आणि पुढे दावीद स्वतः चुकला तेव्हा नाथान संदेष्ट्याने त्याच्या तोंडावर सांगितलं, ‘तो मनुष्य तूच आहेस.’ तुम्ही तर घरात बसून नुसती शंका काढलीत. काही चुकलं नाही. मैत्रिणीशी मात्र भांडू नका, तीही कदाचित घाबरलेलीच आहे.

तुमच्यात अडथळा आहे का, हे त्या वक्त्यांनी दहा सेकंदांत ठरवलं. मी पत्रावरून ठरवणार नाही. तुम्ही लिहिलंय की पहाटे तीनला वॉर्डातल्या म्हाताऱ्या आजीबाई कण्हत असतात, तेव्हा तुम्ही कूस बदलून देता आणि पाठीला पावडर लावता, आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं मनात प्रार्थना म्हणता. हे तुम्ही ‘मी काही विशेष करत नाही’ याचा पुरावा म्हणून लिहिलंय. मी ते दोनदा वाचलं.

राहिली बाटली. लेबल वाचा. नुसतं ऑलिव्ह असेल तर उत्तम. अत्तर किंवा दुसरं काही मिसळलं असेल तर दिव्यात घाला. आईचे गुडघे थंडीत धरतात असं लिहिलंत. या वर्षी नाशिकची थंडी लवकर पडलीय. नुसतं ऑलिव्ह असेल तर ते वाटीत कोमट करा आणि रात्री निघण्याआधी त्यांना चोळून द्या.